रामटेकला न पोचणारी गाडी

नागपूरला जाऊन आले म्हटलं की पुण्यात लोक दोनच प्रश्न विचारतात. संत्री आणली का, आणि ऊन फार होतं का. संत्री आणली. ऊन नव्हतं, कारण मी डिसेंबरात गेले होते आणि सकाळी अंगावर शाल घेतल्याशिवाय चहाचा कपसुद्धा उचलवत नव्हता. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, त्यामुळे मी तिथे चार दिवस एका गाडीचा स्विच बदलून घेत होते हे सांगायचं राहूनच गेलं. ते इथे लिहिते.

माझी धाकटी मावशी साताऱ्याकडून लग्न होऊन नागपुरात गेली. सासरचं इतवारीत धान्याचं दुकान, बेसा गावाला संत्र्याची बाग आणि घर माणसांनी भरलेलं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, मागल्या वर्षी वारले. त्यांची एक काळी विलायती गाडी होती. मावशीला मूलबाळ नाही आणि दिरांचा सगळा जीव ट्रॅक्टरवर, त्यामुळे काका गेल्यापासून ती गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. मला गाडी चालवता येते हे मावशीला ठाऊक होतं. तिने पत्र टाकलं की गाडी तू घेऊन जा, मात्र नेण्याआधी मला तिच्यातून एकदा रामटेकला घेऊन चल.

ही अट दिसते तेवढी साधी नव्हती. गाडी घरात आली त्या दिवशी काकांनी मावशीला कबूल केलं होतं की तुला हिच्यातून रामाच्या दर्शनाला नेईन. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढ्या अंतरावरचा देव. तरी ती गाडी रामटेकला एकदाही पोचली नाही. बेशाच्या बागेत ती रोज जायची आणि रोज मुकाट परत यायची. रामटेकचा रस्ता धरला की कधी कामठीला, कधी कन्हानचा पूल ओलांडल्यावर बंद पडायची. बाकीची मंडळी बसने जाऊन कितीदा दर्शन घेऊन आली. मावशी म्हणायची, जाईन तर ह्याच गाडीतून. आता गाडीच पुण्याला निघाली होती, म्हणजे ही शेवटची संधी होती, आणि ती माझ्या हातात होती.

इतवारी

पहिल्या दिवशी सकाळी समोर पोहे आले. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर पडते. तिथे पोह्यांवर लाल तर्री ओततात, तीत चणे पोहत असतात, आणि खाणाऱ्याचा चेहरा बघायला घरातले चारदोन जण सहज म्हणून येऊन उभे राहतात. मी सगळं संपवलं. डोळ्यांतून पाणी आलं ते प्रवासाच्या धुळीचं आहे असं मी सांगितलं आणि सगळ्यांनी ते मोठ्या मनाने मान्य केलं.

मावशीची भाषा आता पुरती नागपुरी झाली आहे. माझी आई आणि ती एकाच घरात वाढल्या ह्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मला बघताच ती म्हणाली, “काहून वं, किती वाळली तू. पुण्यात जेवाले देत नाही का?” मी गेल्या वर्षीपेक्षा चांगली जाड झाले होते. पण तिकडे पाहुण्याचं स्वागत असंच होतं.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त पाहून ताडपत्री काढली. बॅटरी आदल्या दिवशीच चार्ज करून आणली होती. समोरच्या खणात काकांचा एक रुमाल सापडला आणि रुमालात गुंडाळलेला केसांचा आकडा, ताणून सरळ केलेला. त्याच्या टोकाला लालसर काहीतरी होतं. मला वाटलं गंज असेल. मी तो परत जागच्या जागी ठेवला.

तोवर मावशीची धाकटी जाऊ ओवाळायचं ताट घेऊन आली. त्या घरात कुठल्याही यंत्राला कुंकू लावतात ते ते यंत्र जिथून सुरू होतं त्या जागी. बागेतल्या पंपाला खटक्यापाशी, पिठाच्या गिरणीला दांडीपाशी. मावशीच्या सासूबाईंनी घातलेली ही रीत आणि त्या गेल्या तरी कोणी मोडलेली नाही. जावेने टपावर आणि चाकांवर बोटं टेकली. मग मावशी पुढे झाली. काका गेल्यापासून तिने स्वतःच्या कपाळाला कुंकू लावणं सोडलं आहे. पण ताटातलं तेलात कालवलेलं हळदकुंकू तिने चिमटीत घेतलं आणि डॅशबोर्डवर किल्ली घालतात त्या भोकात नीट दाबून भरलं, वर अक्षता टेकवल्या. जावा दुसरीकडे बघत राहिल्या. ह्याबाबतीत घरात बोलायचं नाही असं ठरलेलं असावं.

मागच्या सीटवर मावशीने एक भलामोठा डबा ठेवला. मी म्हटलं, आपण दुपारी परत येणार ना? ती म्हणाली, असू दे, बंद पडली तर.

बाहेर पडल्यावर गाडी सुरेख चालली. ही सुरेख चाल गल्लीच्या तोंडापर्यंत टिकली. तिथे धान्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, त्यांच्या बरोबर मधोमध आमचं इंजिन एका क्षणात गप्प झालं. मागून हॉर्न आणि घंटा वाजायला लागल्या. बाई गाडी चालवते हे बघायला आधीच थोडी गर्दी होती, आता बाईची गाडी बंद पडली हे बघायला मोठी झाली. हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली आणि आम्हाला ढकलत घरापर्यंत आणून सोडलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मावशीला नमस्कार केला आणि विचारलं, “रामटेकले जाऊन राहिल्या होत्या का बाई?” त्याला हे विचारण्यात काही वावगं वाटलं नाही.

घरात मग ह्या विषयावर चर्चा झाली. मोठे दीर म्हणाले की प्रभूची इच्छा नाही. धाकटे म्हणाले की कन्हानच्या पाण्यात काहीतरी आहे. आम्ही कन्हानच्या आसपासही पोचलो नव्हतो हे मी सांगून पाहिलं. त्यावरून पहिल्या फेरीची गोष्ट निघाली. तेव्हा गाडीत सासूबाईंसकट सगळं घर कोंबून बसलं होतं. गाडी पुलापलीकडच्या चिंचेखाली बंद पडली आणि काका खाली उतरून एवढंच म्हणाले, “बसा आता.” सगळे संध्याकाळपर्यंत बसले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच झाल्यावर त्या गाडीतून रामटेकला जायला मावशीखेरीज कोणी तयार होईना. मग दरवर्षी ते दोघंच निघत आणि दोघंच उशिरा परत येत. “बसा आता” हे त्या घरात अजून म्हणतात. दिवे गेले, नळाला पाणी आलं नाही, पाहुणा लवकर जाईना, की कोणीतरी काकांच्या आवाजात ते म्हणतं आणि सगळे हसतात.

मावशी हसली नाही. ती डबा रिकामा करून घासत होती. जाता जाता मला म्हणाली, “नाही झालं त नाही. तू घेऊन जा गाडी.” तिचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. मी तिला सांगितलं की तुला रामटेकला पोचवल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही. माझा नवरा रविवारी रेल्वेने यायचा होता आणि मग आम्ही दोघं गाडी घेऊन निघणार होतो. तोवर काय ते करायचं होतं.

वासुदेव मिस्त्री

गांधीबागेच्या बाजूला एका कडुनिंबाखाली वासुदेव मिस्त्रींचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे कडुनिंब. मिस्त्री जाडजूड, गप्पिष्ट आणि स्वतःच्या निदानावर विलक्षण प्रेम असलेले. त्यांनी आधी बॅटरीची टोकं घासली. मग प्लग काढून पुसले. मग पेट्रोलची नळी तोंडाने फुंकली आणि त्यानंतर बराच वेळ थुंकत बसले. प्रत्येक कामानंतर गाडी जराशी सुरू व्हायची, ते माझ्याकडे विजयाने बघायचे आणि गाडी बंद पडायची.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे सगळी उपकरणं जुनी आहेत आणि ती चालवायची म्हणजे त्यांच्या लहरी सांभाळाव्या लागतात. बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की किल्ली डावीकडे दाबून धरली की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो आणि सोडली की विझतो. म्हणजे वीज स्विचपाशीच अडत होती. मी तसं म्हटलं.

“ताई, स्विच कधी खराब होत नसते,” मिस्त्री म्हणाले. “स्विच म्हंजे नुसता दरवाजा. घरात मानूसच नसन तं दरवाजा काय करन?”

मी पुन्हा किल्ली दाबून दाखवली. दिवा लागला. सोडली, विझला. हे मी एवढ्यांदा केलं की शेवटी तिथे चहा प्यायला बसलेल्या रिक्षावाल्यांनी माझी बाजू घेतली. मिस्त्रींनी मग असं जाहीर केलं की आपल्याला पहिल्यापासून स्विचचाच संशय होता, फक्त ताईंच्या तोंडून ऐकायचं होतं.

तसला स्विच नवा मिळणं शक्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी आम्ही कबाडी बाजारात गेलो. आपल्याकडच्या जुन्या बाजारात दुकानदार वस्तू दाखवतो आणि गिऱ्हाईक नको म्हणतं. तिथे आम्ही वस्तू दाखवायची आणि दुकानदार तिची निंदा करायचा. हा स्विच कशाले बदलता, गाडीच बदला, असा सल्ला आम्हाला तीन ठिकाणी मिळाला. एकाने बसायला खोकं दिलं आणि संत्री सोलून दिली, पण स्विच नव्हता. अखेर मोटारींच्या सांगाड्यांमागे एका पत्र्याच्या डब्यात, दारांच्या कड्यांखाली, एक सापडला. तो कुठल्या गाडीचा होता हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. सोबत त्याची किल्ली होती एवढं पुरे होतं.

बसवताना मी मिस्त्रींना म्हटलं, वायरींना खुणेचे दोरे बांधू या, मागे कुठली कुठे होती ते विसरायला होतं. ते म्हणाले, “मले सर्व ध्यानात राहते.” त्यांनी बॅटरीची तार सोडवली, डॅशबोर्डवरचं गोल कडं फिरवून काढलं, जुना स्विच मागून ओढून घेतला आणि त्याच्या वायरी सुट्या केल्या. इथपर्यंतचं काम खरंच देखणं झालं. मग नवा बसवून तार जोडली आणि मी किल्ली फिरवली. काचेवरचे वायपर सुरू झाले. किल्ली उलटी फिरवली तर हॉर्न वाजू लागला आणि तो थांबेना. कडुनिंबावरचे कावळे उडाले. मिस्त्रींनी शांतपणे पुन्हा तार सोडवली आणि आम्ही सगळ्या वायरी एकेक करून, ह्या वेळी दोरे बांधून, लावून पाहिल्या. दुपार कलली तेव्हा किल्ली फिरवली, लाल दिवा लागला, स्टार्टर ओढला आणि इंजिन सुरू झालं. किल्ली दाबून धरावी लागली नाही.

तेवढ्यात जुना स्विच हातात घेऊन मिस्त्री म्हणाले, पाहू तं खरं काय झालं होतं. त्यांनी तो पक्कडीने उकलला.

आत कुंकू होतं. कुंकू, हळद आणि तेल ह्यांचा वर्षानुवर्षांचा घट्ट लगदा, मध्ये अडकलेला एक तांदूळ, आणि पितळेच्या पट्ट्यांवर बारीक टोकाने खरवडल्याच्या जुन्या रेघा. मला काकांच्या रुमालातला आकडा आठवला. मी खणातून तो काढून आणला. त्याच्या टोकावरचा लाल रंग गंजाचा नव्हता.

सगळं माझ्या लक्षात आलं. बेशाला जाताना पहाटे ताट कोण आणणार, म्हणून गाडी बंद पडत नव्हती. रामटेकला निघताना मावशी भक्तीने किल्लीचं भोक भरायची, वाटेत धक्क्यांनी तो लगदा आत सरकायचा आणि इंजिन गप्प व्हायचं. काका चिंचेखाली आकड्याने ते काढत बसायचे. म्हणजे तिच्या रामटेकच्या आड दुसरं कोणी आलंच नव्हतं, तीच आली होती. आणि काकांनी तिला हे कधी सांगितलं नव्हतं.

“साहेबाले माहीत होतं,” मिस्त्री म्हणाले.

मी विचारलं, मग त्यांनी तिला सांगितलं का नाही?

मिस्त्रींनी स्विच जुन्या कागदात बांधला. “बायकोच्या कुंकवाले कोन नाव ठेवन, ताई?”

आम्ही तिथेच ठरवलं की मावशीला ह्यातलं काही कळू द्यायचं नाही. घरी गेल्यावर मी सांगितलं की स्विच झिजला होता. मावशीने जुना स्विच मागून घेतला आणि कागद न सोडता पदराखाली धरून आत नेला.

रामटेक

चौथ्या दिवशी पुन्हा ताट आलं. मावशीने चिमूट उचलली. तिला अडवलं तर कारण सांगावं लागणार आणि नाही अडवलं तर पुन्हा चिंचेखाली बसणं आलं. मी काहीतरी बोलणार एवढ्यात तिने ते कुंकू स्टिअरिंगला लावलं, नव्या स्विचकडे थोडा वेळ पाहिलं आणि हात पदराला पुसला. मला हायसं वाटलं. ते एवढं वाटलं की ती तशी का वागली ह्याचा मी विचारच केला नाही.

कामठी गेली. कन्हानचा पूल गेला. पुढे डाव्या हाताला एक मोठी चिंच आली आणि मावशीने काच खाली करून मान बाहेर काढली. चिंच मागे पडली तरी ती वळून बघत होती. गाडी इतकी गुळगुळीत चालली होती की मला स्वतःचा अभिमान वाटत होता. मी म्हटलं, बघ मावशी, कशी चालली आहे. ती हो म्हणाली. मनसरपासून पुढे दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खाचरं होती आणि त्यांच्यावर टेकडी दिसायला लागली, माथ्यावर देवळाची पांढरी शिखरं. मी पुन्हा म्हटलं, बघ मावशी. ती पुन्हा हो म्हणाली.

पायथ्याशी गाडी लावली तर एक वानर येऊन टपावर बसलं आणि ओवाळताना बांधलेल्या माळेतली झेंडूची फुलं एकेक करून खाऊ लागलं. मी हॉर्न वाजवला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खाणं चालू ठेवलं. पायऱ्या चढताना मावशी माझ्यापुढे होती. देवळात गर्दी नव्हती. तिने नारळ दिला, हात जोडले, डोळे मिटले आणि लगेच उघडले. इतकी वर्षं जिच्यासाठी थांबली ती गोष्ट माझ्या बुटांचे बंद सुटण्याआधी आटोपली होती. बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि म्हणाली, “झालं?”

झालं, मी म्हटलं.

मला तिचा थोडा रागच आला. कबाडी बाजारात मी पायांचे तुकडे पाडून घेतले होते. एका स्विचसाठी सगळं नागपूर पालथं घातलं होतं. निदान आनंदी दिसायला काय हरकत होती?

चिंच

परतीच्या वाटेवर चिंच दिसू लागताच मावशी म्हणाली, “थांबव इथी.” काय झालं म्हणून मी विचारलं. “काही नाही झालं. थांबव.”

मी गाडी बाजूला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. मावशी सरळ जाऊन एका मुळीवर बसली, आपण आपल्या घरात आपल्या जागी बसतो तशी. डबा उघडला. आत बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात होता, त्यावर ओतायला वेगळ्या बाटलीत फोडणीचं तेल, भरली वांगी, आणि बेशाची संत्री. दोघींना दोन वेळा पुरेल एवढं. आम्ही जेवलो. गोळाभातावर तेल घेताना माझा हात आखडला, तर तिने बाटली घेऊन स्वतः ओतलं.

संत्रं सोलता सोलता ती म्हणाली, “तो आकडा तुले भेटला असन खणात. माह्या केसातला आहे. पहिल्या वेळी त्यायनं मागतला, म्या देला.”

मी म्हटलं, म्हणजे तुला कुंकवाचं माहीत होतं?

“तवाच पाहिलं ना. पन लावाले सासूबाईनं सांगितलं होतं, आन् त्या शेजारी बसल्या होत्या. ते बी बोलले नाही, मी बी बोलली नाही.”

मी विचारलं, पण मग पुढच्या वर्षी का लावलंस? आणि त्याच्या पुढच्या?

मावशीने संत्र्याच्या फोडीची शीर काढली. घर माणसांनी भरलेलं होतं, ती म्हणाली. दिवसा नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती आणि रात्री ते थकलेले असत. इथे गाडी बंद पडली की ते बोलत. लहानपणचं सांगत, बागेचं सांगत, एकदा तर गाणंही म्हणाले, वाईट म्हणाले.

“मले विचारत, तुले काय वाटते. घरात मले कोनी असं विचारत नव्हतं. मंग म्या पुढच्या वेळी थोडं जास्त लावलं.”

आणि काकांना कळलं नाही?

“काहून नाही कळनार? दर वेळी तेच तं काढत. अर्ध्या घंट्याचं काम, संध्याकाळपर्यंत पुरवत.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काकांना मी फार तर चार वेळा भेटले असेन. उंच, गप्प, दुकानातली माणसं ज्यांना घाबरायची असे गृहस्थ. मला त्यांची एकदम खूप आठवण आली. मावशी रडली नाही. तिने माझ्या हातात संत्र्याच्या फोडी ठेवल्या आणि डब्याचं झाकण लावलं. “चाल. तुह्या नवऱ्याची गाडी यायची आहे.”

आम्ही गाडीत बसलो. मी नवी किल्ली फिरवली, लाल दिवा लागला, स्टार्टर ओढला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

“एवढ्यातच?” मावशी म्हणाली.

ती समोर बघत होती. डबा मांडीवर होता आणि दोन्ही हात डब्यावर. मी किल्ली उलटी फिरवली. इंजिन थांबलं आणि चिंचेवरचे पोपट ऐकू यायला लागले.

“बंद पडली, मावशी,” मी म्हटलं.

तिने स्विचकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मंग बस आता,” ती म्हणाली आणि तिने डब्याचं झाकण पुन्हा काढलं.